पाणी मुरतंय कुठे

मास्तर कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. चपला दाराशी काढायच्या, सरळ कोपऱ्यात जायचं, उकिडवं बसायचं आणि उजव्या हाताची पालथी बाजू भिंतीला लावायची. तळवा नाही हं, पालथी बाजू. थापी धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले, त्याला काय कळणार ओल! मग बोटाच्या पेरांनी खालून वर टकटक करत जायचं. टणटण वाजलं तर गिलावा धरून आहे, बद्द वाजलं तर आतून सुटलाय. तोवर घरातली बाई "पाणी आणू का?" असं विचारत उभी असायची. मास्तर म्हणायचे, "पाणी नको बाई, पाणीच तर शोधतोय."

हा विनोद त्यांनी पस्तीस वर्षं केला आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गवंडीकाम करायचे. पण समोरच्याला धडा दिल्याशिवाय त्यांची थापी हलत नसे, म्हणून मास्तर. धडा ठरलेला. "रंग लावून ओल जाते होय? तापलेल्या माणसाला पावडर लावल्यासारखं आहे ते. आधी पाणी मुरतंय कुठे ते शोधा. गच्चीला उतार आहे का? पन्हळ तुंबलीय का? जोत्याला बाहेरून माती चढलीय का? नळाचे सांधे, मोरीचे सांधे बघितलेत? नाही ना? मग रंगाचा डबा उघडायची घाई कसली?" हे सगळं ते गिऱ्हाइकाला असं सुनवायचे, की बिचाऱ्याला वाटावं आपण भिंत नाही, परीक्षेचा पेपर भिजवलाय.

पण खरं ते खरं. माणूस जाणता होता. एका बंगल्याची बैठकीची भिंत तीन रंगाऱ्यांनी तीनदा रंगवली आणि तिन्ही वेळा तिचे पोपडे पडले. मास्तर गेले, भिंतीला हात लावला, बाहेर जाऊन आले आणि मालकीणबाईंना म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही गुलाबाला पाणी घालत नाही, भिंतीला घालताय." बाहेरचा वाफा भिंतीला टेकून होता. तो चार हात पुढे सरकवला, भिंत चार महिने तशीच उघडी ठेवली, मग गिलावा केला. आजतागायत त्या भिंतीला डाग नाही. दुसऱ्या एका घरात मालकाने गिऱ्हाइकाला घर दाखवताना ओल दिसू नये म्हणून भलंमोठं कपाट पुढे ओढून ठेवलं होतं. मास्तर घेणाऱ्याच्या बाजूने गेले होते. कपाटाकडे बघून म्हणाले, "घर नंतर दाखवा, आधी त्या कपाटामागची भिंत दाखवा." मालकाचं तोंड पडलं.

अशाने नाव झालं. वरच्या मजल्यावरचा म्हणतो माझी गळती नाही, खालचा म्हणतो तुझीच, दोघं हातघाईवर आलेले. मग कुणीतरी म्हणायचं, मास्तरांना बोलवा. मास्तर यायचे, हात लावायचे आणि सांगायचे, "ही तुमची." संपलं. पुढे कुणी ब्र काढत नसे. भांडणारे दोघेही मुकाट मान डोलावायचे. इतका मान वाट्याला आला की माणसाचं काय होतं, हे आता सांगायला नको. मास्तरांचंही तेच झालं.

त्यांना एकच भाऊ होता, नऊ वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होता. मऊ बोलायचा, मान खाली घालून चालायचा. घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत. वडील लवकर गेले तेव्हा धाकटा सहावीत होता. त्याची फी, त्याचे कपडे, त्याचं आजारपण, सगळं मास्तरांनी केलं, आणि हे ते कुणाला सांगायला विसरत नसत. धाकट्याचाही जीव दादावर. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. दुकानात नोकरी दादाने लावून दिली, लग्न दादाने ठरवलं, आणि आई गेल्यावर घराचे दोन भाग करायचे तेही दादानेच ठरवलं.

वाटणी गोडीगुलाबीने झाली. वडिलांचं घर लांबट होतं. मधोमध एक भिंत घातली, इकडचं मास्तरांचं, तिकडचं धाकट्याचं. भिंत मास्तरांनी स्वतः बांधली. जुनं स्वयंपाकघर धाकट्याच्या वाटणीला गेलं, म्हणून मास्तरांनी आपल्या बाजूला नवीन केलं. त्यातल्या मोरीचं पाणी फरशीखालून, त्याच मधल्या भिंतीच्या कडेने, मागच्या गटाराला नेलं. भिंतीच्या पलीकडे धाकट्याचं नवीन न्हाणीघर आलं. तेही मास्तरांनीच बांधलं. पंधरा दिवस दोन्ही घरांत नुसती धूळ आणि ठोकाठोक. दोघी जावा एकाच चुलीवर चहा करत होत्या आणि हसत होत्या.

दीड वर्षाने मधल्या भिंतीला ओल आली. जमिनीपासून वीतभर, दोन्ही बाजूंना.

मास्तर उकिडवे बसले, पालथा हात लावला, टकटक केली. मग उठून पलीकडे गेले आणि धाकट्याला म्हणाले, "तुझ्या न्हाणीघराची आहे." न्हाणीघर भिंतीला लागून, तिथे रोज चार बादल्या पाणी सांडणार, आणखी कुठून येणार? धाकटा म्हणाला, "बरं दादा." झालं. निकाल लागला.

मास्तरांनी स्वतः ते न्हाणीघर उकरलं. पाण्याला दाद न देणारा थर घातला, नव्या फरश्या बसवल्या, आणि धाकट्याला बजावलं, "आठ दिवस पाण्याचा थेंब नको." भावाचं काम, मजुरीचा प्रश्नच नव्हता. मग इकडे येऊन आपल्या बाजूची भिंत कमरेएवढी सोलली आणि तिच्यावरही तसलाच पक्का गिलावा केला, असा की बाहेर पाझरायला जागाच नको. महिन्याभरात मास्तरांची बाजू खडखडीत झाली. गिऱ्हाईक घरी आलं की मास्तर भिंतीवर थाप मारून दाखवायचे, "हे बघा, याला म्हणतात काम!"

पलीकडे मात्र ओल वाढली. वीतभर होती ती हातभर झाली.

आता एखाद्या दुसऱ्याच्या घरात हे घडलं असतं, तर मास्तरांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की बाबा रे, एका बाजूने भिंतीचं तोंड बांधलंस, आता पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडणार. पस्तीस वर्षं हेच तर शिकवत होते लोकांना! पण स्वतःच्या घरात त्यांनी वेगळंच सांगितलं. "धाकट्याने तिसऱ्या दिवशी आंघोळ केली असणार. त्याच्या बायकोला दम कुठे धरवतो?" धाकटीने हे ऐकलं. जावेजवळ रडून म्हणाली, "जाऊबाई, आठ दिवस आम्ही तुमच्याच घरी आंघोळीला येत होतो ना हो?" मास्तरीणबाईंनीच रोज पाणी तापवून दिलं होतं. येत होते, ते खरंच होतं.

मास्तरीणबाईंनाही एक गोष्ट खुपत होती. एकदा जेवताना म्हणाल्या, "अहो, आपल्या मोरीचं पाणी जातं कुठे? मी एवढी बादली ओतली आणि मागे गटारात जाऊन बघितलं, तर करंगळीएवढी धार." मास्तर म्हणाले, "तू भांडी घास. पाण्याचं मी बघतो." त्यांनी भांडी घासली.

धाकट्याच्या बाजूला ओल ज्या खोलीत शिरली ती निजायची खोली. भिंतीला लोणा फुलला, हात लावला की पांढरं पीठ गळायचं. कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरली. धाकटीची छाती आधीच नाजूक होती, ती आता भरून यायला लागली. रात्र रात्र उशाला टेकून बसायची. डॉक्टर म्हणाले, एक तर ती भिंत सुकवा, नाहीतर ती खोली सोडा. खोल्या होत्या दोनच, सोडणार कुठली?

म्हणून धाकट्याने दादाला न विचारता दुसरा माणूस आणला आणि न्हाणीघर पुन्हा उकरलं. बस्स! मास्तरांचं पित्त खवळलं. मधल्या भिंतीतून ठोकाठोक ऐकू यायची आणि मास्तर इकडे बसून बायकोला म्हणायचे, "ऐक, ऐक. माझ्या हाताचं काम फोडतोय. लहानाचा मोठा केला त्याचं हे फळ. चैन सुचलीय, नव्या फरश्या हव्यात!"

फरश्या नव्हत्या बसवायच्या त्याला. त्याने खाली दोन हात खणलं, तर आपल्या बाजूची माती कोरडी निघाली. भिंतीच्या पायाशी मात्र चिखल. मऊ असला तरी धाकटा डोळ्यांच्या कामातला होता, कुठून काय येतंय ते त्याला दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून तसाच निघून तो मास्तरांच्या कामावर गेला. एका इमारतीचं काम चालू होतं. मजूर जेवून चहा पीत बसले होते, मास्तर त्यांना धडा देत होते. धाकटा अंगावरचा दुकानाचा एप्रन न काढताच आलेला.

"दादा," तो म्हणाला, "एकदा तुझ्या मोरीची लाइन बघशील का? खाली खणलं तर माती कोरडी निघाली. पाणी तुझ्या अंगाने येतंय असं वाटतं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं? त्या नव्या मिस्त्रीने?"

"नाही रे. मीच बघितलं. आणि दादा, आठव ना. ताईच्या लग्नाला आपण अठरा दिवस परगावी होतो, तेव्हा भिंत वाळली होती."

ही ताई म्हणजे मास्तरांची लेक. मास्तर तोंड भरून हसले. "वाळणारच! तुझं न्हाणीघर बंद होतं ना तेव्हा?"

"तुझी मोरीही बंद होती की."

मजुरांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. ते हसू कुणाला होतं देव जाणे, पण मास्तरांना ते आपल्यालाच वाटलं. मग त्यांच्या जिभेला हाडच उरलं नाही. "अरे काचपुश्या, तू मला ओल शिकवणार? पस्तीस वर्षं लोक माझ्या हातावर विश्वास ठेवून घरं घेतात आणि विकतात. चष्मा पुसायचं फडकं भिंतीला लावून आलास आणि मला सांगतोस? जा, काचा घास. बायकोला खोकला आला की भावाची मोरी फुटली म्हणायचं, ही कुठली रीत?"

सगळे हसले. धाकटाही थोडा हसला, लोक हसताना आपण गंभीर राहिलो तर बरं दिसत नाही म्हणून हसतात ना, तसा. "बरं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्या विषयावर तो कधी एक अक्षर बोलला नाही. मास्तरांना वाटलं, पटलं त्याला.

तिसऱ्या खेपेला धाकट्याने न्हाणीघरच हलवलं. मधल्या भिंतीपासून उचललं आणि पार दुसऱ्या टोकाला, अंगणाच्या बाजूला नेलं. रविवारी रविवारी स्वतःच्या हाताने विटा वाहिल्या. अंगण गेलं, धाकटीची तारेवर कपडे वाळत घालायची जागा गेली. आता मधल्या भिंतीला तिकडून पाण्याचा स्पर्शसुद्धा नव्हता. वर्ष गेलं. ओल कमरेपर्यंत चढली.

शेजारचे मास्तरांना विचारायचे, "मास्तर, आता कसली हो ओल?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "जुनं पाणी मुरलंय. वाळायला वेळ लागतो." लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांनी हात लावून सांगितलेलं, खोटं कशाला असेल!

आणि मग एक दिवस धाकट्याने घर विकलं. वडिलांचं घर, ज्यात तो जन्मला, चालायला शिकला. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा कपाटाची मागची फळी हातात भुगा होऊन आली. धाकटीने ओढणी नाकाला लावली होती. मास्तर दारात उभे होते. त्यांना मनातून फार वाईट वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "ऐकलं असतंस माझं तर ही वेळ आली नसती." धाकटा त्यांच्या पाया पडला आणि टेम्पोत बसला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, भाड्याची जागा घेतली होती त्याने.

धाकट्याच्या भागात राहायला आली एक नर्सबाई. एकटी, चाळिशीची, हॉस्पिटलात कामाला. गोड बोलणं नाही, वाकडंही नाही. जे करायचं ते वेळेवर. आल्या आल्या तिने भिंत बघितली आणि तिसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. मास्तर आपणहून पलीकडे गेले, भिंतीची सगळी कहाणी सांगितली, जुनं पाणी कसं मुरलंय तेही सांगितलं. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तपासून बघू या ना. तपासायला काय जातं?"

प्लंबर तोंडाचा कंजूष होता. त्याने पिशवीतून दोन पुड्या काढल्या. नर्सबाईंच्या न्हाणीघरात लाल रंगाचं पाणी ओतलं. मग मास्तरांच्या दारात येऊन म्हणाला, "तुमच्या मोरीत हिरवं टाकायचंय. चालेल?"

मास्तरांना हसू आवरेना. "टाक बाबा, टाक. निळं असेल तर तेही टाक." शेजारच्या दोघांना त्यांनी मुद्दाम हाक मारून बोलावलं, बघा म्हणावं गंमत. प्लंबरने हिरवं पाणी ओतलं, मागून दोन बादल्या साधं पाणी ओतलं, आणि गेला.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी कडी वाजवली. ड्यूटीवर निघाल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांत. "मास्तर, जरा येता का?"

भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून चार बोटं वर, हिरवी रेघ उमटली होती. अंधुकशी. भिंतीवरच्या पांढऱ्या पिठातही ती लपत नव्हती. लाल कुठेच नव्हतं. मास्तर उकिडवे बसले. हात पुढे केला, पण भिंतीला लावला नाही. नर्सबाई म्हणाल्या, "मला उशीर होतोय. तुम्ही बघून घ्या, संध्याकाळी बोलू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब नव्हता, काहीच नव्हतं. रोज सकाळी त्यांना याहून वाईट बातम्या सांगाव्या लागत असतील.

मास्तर घरी आले, छन्नी-हातोडा घेतला आणि आपल्या स्वयंपाकघराची फरशी फोडायला बसले. मास्तरीणबाईंनी भांडी उचलून बाहेर नेली, पिठाचे डबे झाकले, आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसरी फरशी उचलली तेव्हा वास आला. चौथी उचलली तेव्हा काळा चिखल. पाइप मधल्या भिंतीच्या कडेने जिथे वळत होता, तिथे सांधा उघडा पडला होता. सांध्याला सिमेंट नव्हतंच. गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला होता, कुजून चिंध्या झालेला.

आणि मास्तरांना तो दिवस आठवला. वाटणीच्या कामाचा शेवटचा दिवस. सिमेंट संपलं होतं, संध्याकाळ झाली होती, बायकोला दुसऱ्या दिवशी मोरी हवी होती. त्यांनी सांध्याला गोणपाट गुंडाळलं, वरून हाताला लागलं तेवढं ओलं मिश्रण थापलं, माती लोटली आणि म्हणाले, उद्या नीट करू. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या घरून बोलावणं आलं, तिथली भिंत बघायला गेले. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या कुणाच्या घरात असा सांधा सापडला असता तर मास्तरांनी तो हातात धरून गल्लीभर मिरवला असता. ते तिथेच बसून राहिले. मास्तरीणबाई बोलल्या असत्या, दोन शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. पण आत जाऊन त्यांनी चपला आणल्या आणि नवऱ्यापुढे ठेवल्या. "जाऊन या," म्हणाल्या, "आजच जा."

दोन बस बदलून मास्तर दुपारी पोचले. लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा थांबले. वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं. सांगायचं, चूक माझी. मग सांगायचं, पाया पडतो तुझ्या, धाकट्याच्या पाया पडायला काय लाज. मग सांगायचं, नर्सबाईंशी बोलतो, काहीतरी जमवतो, परत या. एवढं बोललं की धाकटा रडेल, आपण रडू, आणि होईल सगळं नीट. धाकट्याचा जीव आहे आपल्यावर, ही एक गोष्ट त्यांनी कधी तपासून बघितली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती.

दार धाकटीने उघडलं. चार पावलं चालून आली तेवढ्यानेच तिला दम लागला होता. "या भाऊजी," म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत आत गेली. खोली लहान, पण स्वच्छ, ऊन आत आलेलं. टेबलावर औषधाची नळी आणि वाफ घ्यायचं यंत्र. धाकट्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो खुर्चीतून उठला.

"या," म्हणाला. "बसा."

मास्तरांनी मागे वळून बघितलं, आपल्याबरोबर आणखी कुणी आलंय की काय. मग बसले. घोकलेलं सगळं विसरून त्यांनी एकदमच सांगून टाकलं. हिरवं पाणी, फरशी, सांधा, गोणपाट. बोलताना त्यांचा आवाज चिरकला. "माझी चूक रे. तुझी नव्हतीच कधी. माझ्या हातची चूक."

धाकटा ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "हो. माहीत होतं."

"माहीत होतं? मग आधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो ना," धाकटा म्हणाला.

मास्तरांना ती दुपार आठवली, मजुरांचे कप आठवले. त्यांनी विषय बदलला. धाकटी गेली त्या दाराकडे बघत म्हणाले, "आता इथे कोरडं आहे. छाती सुधारली असेल ना हिची?"

उत्तर धाकटीनेच दिलं, आतून. "नाही भाऊजी. डॉक्टर म्हणतात, आत जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता हे असंच राहणार."

मास्तर मग घाईघाईने बोलू लागले, नर्सबाई चांगल्या आहेत, विचारून बघतो, नाहीतर माझा भाग तू घे, आम्हा दोघांना काय एक खोली पुरे, भिंतच पाडून टाकू मधली. हात जोडले, उठून खरंच वाकायला लागले. धाकट्याने त्यांना दोन्ही दंड धरून वर उचललं. हात घट्ट होते, पण त्यांत ओढून जवळ घेणं नव्हतं. पडणाऱ्या म्हाताऱ्याला रस्त्यावर कुणीही धरतं, तसं धरलं त्याने.

"असं करू नका," तो म्हणाला. "झालं ते झालं. चहा घेणार का तुम्ही?"

"नको," मास्तर म्हणाले. धाकट्याने पुन्हा आग्रह केला नाही. दारापर्यंत सोडायला आला, जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सांभाळून उतरा. खालच्या दोन पायऱ्या तुटल्यात."

मास्तर उंबऱ्यावर थांबले. आता त्यांच्याने राहवेना. "अरे, मी दादा आहे तुझा. मला तुम्ही, तुम्ही काय म्हणतोस?"

धाकट्याने क्षणभर विचार केला. रागाने नव्हे, खरंच कोणी प्रश्न विचारल्यावर आठवून बघावं, तसं. "कधीपासून ते आठवत नाही," तो म्हणाला. "घरात तुमचा विषय निघाला की आम्ही असंच बोलतो. सवय झाली."

मग आतून धाकटीच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. "आलो गं," म्हणत त्याने दार लोटलं आणि तो आत गेला. मास्तर कठड्याला धरून एक एक पायरी उतरू लागले.